जाते, गिरणी आणि ओवी : यंत्र, स्त्रीचे श्रम आणि स्त्रीची वाणी

यंत्रामुळे स्त्रीचे कष्ट हलके झाले, हे विधान आज इतके रूढ झाले आहे की त्याची तपासणी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. यंत्रामुळे स्त्रीची परंपरा नष्ट झाली, हे उलट बाजूचे विधानही तितक्याच सहजतेने केले जाते. दोन्ही विधानांत सत्याचा अंश आहे. परंतु ती स्वतंत्रपणे उच्चारली जातात, आणि त्यामुळे त्यांचा परस्परसंबंध नजरेआड राहतो. हा संबंध स्पष्ट करावयाचा असेल तर यंत्रयुगाविषयी सामान्य चर्चा करण्यापेक्षा एखादे एकच यंत्र निवडून त्याने नेमके काय केले हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात त्यासाठी पिठाची गिरणी हे यंत्र घेतले असून विवेचनाचे क्षेत्र मुख्यतः अहिल्यानगर जिल्हा, म्हणजेच २०२४ पर्यंत अहमदनगर ह्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा, हे आहे.

ह्या निवडीस कारणे आहेत. मराठी ओवीच्या ग्रंथरूपाचा सर्वोच्च आविष्कार ह्याच जिल्ह्यातील प्रवराकाठच्या नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरीच्या रूपाने झाला. परंतु ओवी त्याहून जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथात (सुमारे इ. स. ११२९) महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशा आशयाची नोंद आहे. म्हणजे ओवीची जुन्यात जुनी ओळख ग्रंथाशी निगडित नसून स्त्री, धान्य आणि धान्य फोडण्याचे साधन ह्या तिहींशी निगडित आहे. मराठी वाङ्मयेतिहासाने ह्या नोंदीचा उल्लेख छंदाच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून वारंवार केला. त्या नोंदीतील स्त्री आणि मुसळ यांच्याकडे मात्र त्याने फारसे लक्ष दिले नाही.

१. जात्याचे काम

जात्याचे महत्त्व समजण्यासाठी प्रथम धान्याचा विचार केला पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड ह्या कोरडवाहू तालुक्यांत बाजरी आणि ज्वारी हीच पूर्वापार मुख्य धान्ये होत. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश अधिक असल्यामुळे तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. त्यामुळे महिन्याचे पीठ एकदम दळून ठेवण्याची सोय भाकरी खाणाऱ्या घरास नव्हती; दळण हे जवळजवळ रोजचे काम होते. पश्चिमेकडील अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात भाताचे पीक असल्यामुळे तेथे जात्याच्या जोडीस उखळ-मुसळ आले, आणि भात सडण्याचे काम दळण्याच्या कामात मिळाले. माणसे वाढली की दळण वाढे. सणासुदीस आणि लग्नकार्यास ते अनेक पटींनी वाढे.

हे काम स्त्रियांचे होते, आणि ते पहाटेचे होते. दिवस उजाडल्यावर पाणी, गोठा, स्वयंपाक आणि शेत ही कामे वाट पाहत असत. म्हणून दळण झोपेच्या वेळेतून काढावे लागे. जात्यापाशी बसून एका हाताने खुंटा फिरवावयाचा, दुसऱ्या हाताने मुठीमुठीने दाणे वैरावयाचे आणि भोवती साचणारे पीठ वेळोवेळी भरून घ्यावयाचे, अशी ही क्रिया. खांदा, पाठ आणि तळहात यांवर तिचा भार पडे. जाते बोथट झाले की त्यास टाकी लावून घ्यावी लागे. ते नीट टाकलेले नसेल तर तितक्याच पिठासाठी श्रम वाढत.

श्रमाचा हा पसारा भाषेने जपून ठेवला आहे. निवडणे, पाखडणे, वैरणे, भरडणे, सडणे, कांडणे, चाळणे ही क्रियापदे आणि भरड, कणी, कोंडा, चुणी ही नामे अशी एक संपूर्ण शब्दसृष्टी ह्या कामाभोवती उभी आहे. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ ही म्हण माणसाच्या नशिबाविषयी बोलते. ‘आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते’ ही म्हण कष्ट एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा हा अन्याय दाखविते. मात्र ‘तेच ते दळण दळणे’ ह्या वाक्प्रचाराने दळणाला कंटाळवाण्या पुनरुक्तीचा अर्थ दिला. संस्कृतातील ‘पिष्टपेषण’ ह्या शब्दातही हीच छटा आहे. स्त्रीच्या रोजच्या कामाला भाषेने निरर्थक बोलण्याची उपमा करून टाकले. वस्तुतः त्या कामाच्या वेळी होणारे बोलणे अर्थहीन मुळीच नव्हते.

दळणाचा आणखी एक आर्थिक पैलू होता. ‘दळणकांडण करून मुले वाढविली’ हे वाक्य मराठी आत्मकथनांतून आणि घरोघरच्या आठवणींतून वारंवार भेटते. विधवा, परित्यक्ता आणि भूमिहीन घरांतील स्त्रिया दुसऱ्यांचे धान्य दळून उपजीविका करीत. ती मजुरी अपुरी होती, पण ती स्त्रीच्या हाती पडणारी होती. गिरणीचा परिणाम मोजताना ही मजुरी विसरून चालणार नाही.

२. जात्यापाशीची भाषा

जात्यावरील ओवी ही सामान्यतः दोन ओळींची, स्वतंत्र आणि आटोपशीर रचना असते. ग्रंथातील साडेतीन चरणांच्या ओवीपेक्षा तिचे रूप वेगळे आहे. खुंट्याच्या फेऱ्याशी आणि श्वासाशी तिची लय बांधलेली असते. एका जात्यावर समोरासमोर दोघी बसल्या तर एकीने आरंभलेली ओवी दुसरी उचलते, तिला जोड देते किंवा तिचे उत्तर गाते. त्यामुळे ओवी एकटीची असूनही संवादाची असते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने तिचे तीन विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला विशेष प्रथम पुरुषाचा. ओवीत स्त्री ‘मी’ म्हणून बोलते. सासरच्या घरात जिच्या वाट्याला आज्ञा ऐकणे आणि थोडक्यात उत्तर देणे एवढेच भाषिक व्यवहार येत, तिला येथे सलग विधाने करण्याची मुभा असे. दुसरा विशेष संबोधनाचा. ओव्यांत माता, बंधू, लेक, सखी, पंढरीचा विठ्ठल आणि प्रत्यक्ष जाते यांना उद्देशून बोललेले असते. जात्याला ‘ईश्वर’ मानून हाक घातली जाते. ज्यास सांगावयाचे तो बहुधा समोर नसतो, आणि जो घरात आहे त्याला उद्देशून काही म्हटलेले नसते. त्यामुळे सासूचा जाच, नवऱ्याचा राग, लेकीच्या जन्माने झालेली घरची नाराजी, माहेरची आठवण हे सर्व बोलता येते आणि तरीही कोणास उलट उत्तर दिले असा दोष येत नाही. तिसरा विशेष परिस्थितीचा. वेळ पहाटेची, घर झोपलेले आणि जात्याची घरघर सतत चाललेली. त्या घरघरीत स्वर ऐकू येतो, शब्द मात्र जवळ बसलेलीपर्यंतच पोहोचतात. ज्या घरात स्त्रीसाठी स्वतंत्र खोली नव्हती त्या घरात जात्याच्या आवाजाने तिच्या शब्दांभोवती एक आडोसा उभा केला होता.

ह्यावरून ओवी म्हणजे केवळ श्रमाचा विसर पडावा म्हणून गाइलेले गीत, हा समज अपुरा ठरतो. ती कुटुंबव्यवस्थेने नकळत मान्य केलेली अशी एक जागा होती, जेथे स्त्रीच्या तक्रारीला, विनोदाला आणि विचाराला आकार देता येत असे. ही जागा गोठलेलीही नव्हती. विसाव्या शतकात दलित स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर मोठ्या संख्येने ओव्या रचल्या. समतेचा आणि आत्मसन्मानाचा नवा आशय त्याच जुन्या छंदात सहज सामावला. जुने साधन आणि नवा विचार यांत विरोध असतोच असे नाही, हे ह्या ओव्या दाखवितात.

तथापि ह्या जागेची किंमत विसरता कामा नये. बोलण्याचा हा अवकाश स्त्रीला झोप आणि आरोग्य देऊन विकत घ्यावा लागत होता. दळण टाळण्याचा अधिकार तिला नव्हता, गाण्याचा होता. स्वातंत्र्य सक्तीच्या पोटात होते, आणि पुढे सक्ती गेली तेव्हा तेही तिच्याबरोबर गेले.

३. गिरणीचे आगमन

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पिठाची गिरणी प्रथम तेलाच्या एंजिनावर आली आणि नंतर विजेवर चालू लागली. १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. देशी एंजिन सुलभ झाले तसे ते विहिरीवर पाणी उपसू लागले आणि गावात पीठही दळू लागले. ह्याच किर्लोस्कर उद्योगपरिवारातून १९३० पासून ‘स्त्री’ हे मासिक निघत होते. स्त्रीचे श्रम हलके करणारे यंत्र आणि स्त्रीच्या स्थितीची छापील चर्चा ही दोन्ही एकाच घराण्याच्या उद्योगातून बाहेर पडावीत, ही गोष्ट त्या काळाची आशावादी मनोवृत्ती सूचित करते.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि खेड्यांच्या विद्युतीकरणास गती आली. नगर जिल्ह्यात ह्या प्रक्रियेने एक वेगळे रूप घेतले. १९५० मध्ये स्थापन झालेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने सहकाराची जी वाट घालून दिली होती, त्याच वाटेने १९७० च्या सुमारास श्रीरामपूर-राहुरी परिसरात मुळा-प्रवरा ही वीजवितरण करणारी सहकारी संस्था उभी राहिली. देशातील आरंभीच्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांत तिची गणना होते. २०११ मध्ये तिच्या क्षेत्रातील वितरणाचे काम राज्याच्या वीज वितरण कंपनीकडे गेले. वीज आली ती प्रामुख्याने उसाच्या मोटारींसाठी. पण त्याच तारेवर गावाची गिरणीही चालली.

गिरणीने दिलेला दिलासा खरा आणि मोठा होता. जे काम पहाटेचा सारा वेळ खाई ते काही मिनिटांत होऊ लागले. दुखरे खांदे, बाळंतपणानंतर लगेच जात्यावर बसण्याची सक्ती, म्हातारपणी दळण होत नाही म्हणून ऐकावे लागणारे बोल, ह्या सर्वांतून स्त्रीची सुटका झाली. जात्याविषयी हळवेपणाने लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते रोज ओढले होते. जिने ते ओढले, तिने गिरणीचे स्वागत केले यात नवल नाही.

ह्या बदलाची नोंद भाषेच्या घडणीत झाली आहे. पूर्वी स्त्री ‘दळते’ असे. आता ती ‘दळून आणते’. मराठीत ‘ऊन’ प्रत्यय लागलेल्या पूर्वकालवाचक धातुसाधिताचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता सामान्यतः एकच असतो. ‘ती जेवून गेली’ ह्या वाक्यात जेवणारी आणि जाणारी व्यक्ती एकच. ‘ती दळून आणते’ ह्या वाक्यात मात्र आणणारी स्त्री आहे, आणि दळणारे यंत्र किंवा ते चालविणारा मनुष्य वाक्यात कोठेच दिसत नाही. ‘दळण’ ह्या नामाचाही अर्थ सरकला. एके काळी तो क्रियेचा वाचक होता. आता ‘दळण ठेवले’, ‘दळण आणायचे आहे’ ह्या प्रयोगांत तो डबा किंवा पिशवीभर धान्याचा वाचक आहे. क्रिया घराबाहेर गेली आणि घरात वस्तू उरली.

कर्तृवाचक शब्दांचे लिंगही बदलले. जात्यावर ‘दळणारी’ स्त्रीलिंगी होती. गिरणीमुळे ‘गिरणीवाला’ हा पुल्लिंगी शब्द प्रचारात आला, आणि ‘गिरणीवाली’ हा शब्द क्वचितच ऐकू येतो. काम यंत्राकडे जाताच ते पुरुषाच्या मालकीचे झाले, आणि त्यास प्रथमच पैशांत दर मिळाला. दळणकांडणावर जगणाऱ्या स्त्रीची मजुरी मात्र बुडाली. घरातील स्त्री फुकट दळत होती तोवर ते काम ‘घरकाम’ होते. तेच काम पुरुषाने यंत्रावर केले तेव्हा त्यास ‘धंदा’ हे नाव मिळाले.

४. वाचलेला वेळ कोणाचा?

हा अनुभव एकट्या महाराष्ट्राचा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी थेसालोनिकीच्या अँटिपेटर ह्या ग्रीक कवीने पाणचक्कीचे स्वागत करणारे एक छोटे काव्य लिहिले. त्यात दळणाऱ्या दासींना आता विश्रांती मिळेल, असा आनंद व्यक्त झाला आहे. कार्ल मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडातील यंत्रविषयक प्रकरणात त्या काव्याचा उल्लेख उपरोधाने केला : यंत्र हे कामाचा दिवस लांबविण्याचे खात्रीचे साधन आहे, हे त्या प्राचीनांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ ह्या ग्रंथात घरकामाच्या यंत्रांचा इतिहास तपासला. तयार पिठाच्या प्रसाराने अमेरिकेत वाचले ते मुख्यतः पुरुषाचे श्रम, कारण धान्य गिरणीपर्यंत नेणे हे काम पुरुषांचे असे; स्त्रीकडून मात्र आता अधिक सफाईदार पाव आणि केक अपेक्षिले जाऊ लागले, असे त्यांनी दाखविले. महाराष्ट्रात दळणारी स्त्रीच असल्यामुळे येथे तिचे श्रम प्रत्यक्ष वाचले, हा फरक महत्त्वाचा आहे. पण वाचलेला वेळ तिच्याच हाती राहिला काय, हा कोवान यांचा प्रश्न येथेही लागू पडतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर पाहणीतून त्याचे अंशतः उत्तर मिळते. २०१९ च्या पाहणीनुसार भारतात बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. जाते जाऊन अनेक दशके लोटल्यावर आणि घरात मिक्सर, गॅस व नळ आल्यावरही अंतर जवळजवळ तेवढेच आहे. यंत्राने काम कमी केले; काम कोणाचे हा प्रश्न यंत्राने सोडविला नाही, आणि तो सोडविणे हे यंत्राचे कामही नव्हे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर उद्योगाच्या भाषेत ह्याच प्रश्नाचे दुसरे रूप आढळते. पाथर्डी, जामखेड ह्या भागांतून ऊसतोडीसाठी जाणाऱ्या मजुरांची मोजणी ‘कोयत्या’वर होते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको अशी जोडी. एकटा मजूर हा ‘अर्धा कोयता’. उचल मुकादमाकडून बहुधा पुरुषाच्या नावे घेतली जाते. स्त्री ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. पण हिशेबाच्या भाषेत ती स्वतंत्र मजूर नसून एका अवजाराचा अर्धा भाग आहे. आता ऊसतोडणी यंत्रे येऊ लागली आहेत. जिची गणना माणूस म्हणून झालीच नाही, तिचा रोजगार यंत्रामुळे गेला तर त्या हानीची नोंद कोणत्या रकान्यात होणार, हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही.

५. वाणीचे संकलन आणि वाणीचा अधिकार

जाते मागे पडू लागले त्याच काळात ओव्यांच्या संकलनास वेग आला. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा मोठा संग्रह केला. कमलाबाई देशपांडे यांनी आपल्या ग्रंथास ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव दिले. वेदांसाठी राखून ठेवलेले विशेषण स्त्रीगीतांना लावून त्यांनी त्या एका शब्दात मोठा युक्तिवाद साधला. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली राज्य लोकसाहित्य समितीने विपुल सामग्री प्रसिद्ध केली. ह्या पिढीचे ऋण मोठे आहे. तथापि बहुतेक संग्रहांत ओवी ‘लोकांची’ ठरली, आणि ती गाणाऱ्या विशिष्ट स्त्रीचे नाव नोंदले गेले नाही. ‘अपौरुषेय’ म्हणजे कर्ता नसलेले, हा जुना अर्थ नको तेथे खरा ठरला.

ह्या दृष्टीने पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांचे कार्य वेगळे ठरते. १९८० नंतरच्या दशकात डोंगरी भागातील स्त्रियांबरोबर संघटनेचे काम करीत असताना त्यांचे लक्ष ओव्यांकडे गेले. गावोगावच्या स्त्रियांच्या सहकार्याने त्यांनी राज्यातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि गाणारीचे नाव, गाव व विषय यांसह त्यांचे वर्गीकरण केले. १९९० नंतरच्या दशकात बर्नार बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणे झाली आणि हा संग्रह संगणकावर आला. २०१७ पासून ‘पारी’ ह्या ग्रामीण भारतविषयक संग्रहालयाने तो ध्वनी, चित्र आणि अनुवाद यांसह आंतरजालावर प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ज्या यंत्रयुगाने ओवीची जागा काढून घेतली, त्याच यंत्रयुगाच्या साधनांनी ओवी टिकविली.

परंतु टिकणे म्हणजे चालू राहणे नव्हे. ध्वनिमुद्रित ओवीत शब्द आहेत, स्वर आहे, गाणारीचे नावही आहे. पण पहाटेचा एकांत, समोरची जोडीदारीण आणि उद्या नवी ओवी जोडण्याची शक्यता नाही. संग्रहातील ओवी दस्तऐवज बनते, तिचे उच्चारण थांबते. ग्रामीण लग्नात आजही हळद दळण्यासाठी जाते सजवून पूजले जाते व ओव्या म्हटल्या जातात. तेथेही ओवी विधीचा भाग म्हणून उरली आहे. रोजच्या भाषेतून ती गेली.

वाणीला दुसरी जागा मिळण्याचा एक मार्ग अक्षराचा होता. नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनने मुलींच्या शाळा चालविल्या; तेथील सिंथिया फॅरार यांच्या कार्याचा संबंध जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शैक्षणिक कार्याच्या आरंभाशी जोडला जातो. १८४२ मध्ये नगरमधूनच ‘ज्ञानोदय’ निघाले. पुढे ह्याच नगरशी दीर्घ संबंध असलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून घरगुती बोलण्याला गद्य वाङ्मयाचा दर्जा मिळवून दिला. पण हा मार्ग थोड्यांपुरताच खुला होता. बहुसंख्य स्त्रियांपर्यंत गिरणी आधी पोहोचली आणि अक्षर नंतर. ह्या मधल्या काळात त्यांचे जुने बोलण्याचे स्थान गेले होते आणि नवे मिळाले नव्हते.

आज ते नवे स्थान भ्रमणध्वनी आणि आंतरजाल देतील, असे म्हटले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात आंतरजाल कधी ना कधी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३.३ टक्के, तर पुरुषांचे ५७.१ टक्के होते. स्वतः वापरता येईल असा भ्रमणध्वनी सुमारे ५४ टक्के स्त्रियांपाशी होता. म्हणजे ओव्यांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह ज्या माध्यमात आहे, त्या माध्यमात ती गाणाऱ्या पिढीचा प्रवेशच अपुरा आहे. दूरच्या संशोधकास ओवी एका क्षणात ऐकता येते. गाणारीच्या घरी मात्र ती ऐकण्यासाठी नातवाचा फोन मोकळा होण्याची वाट पाहावी लागण्याची शक्यता अधिक.

६. हक्कांच्या भाषेत

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊ शकणाऱ्या इंग्रजी शब्दाच्या जागी ‘सर्व मानव’ असा निःसंदिग्ध शब्द यावा, ह्यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तो मान्य झाला. एका नामाच्या निवडीने अर्ध्या मानवजातीचा समावेश निश्चित झाला. ‘कोयता’ हा शब्द त्याच्या शेजारी ठेवून पाहिला म्हणजे गणनेच्या भाषेचे महत्त्व ध्यानात येते.

ह्या जाहीरनाम्यातील तीन कलमे प्रस्तुत विषयास थेट लागू पडतात. चोविसावे कलम विश्रांतीचा आणि कामाच्या तासांवरील वाजवी मर्यादेचा हक्क सांगते. एकोणिसावे कलम मत बाळगण्याचे आणि ते व्यक्त करण्याचे स्वातंत्र्य देते. सत्ताविसावे कलम सांस्कृतिक जीवनात आणि विज्ञानाच्या प्रगतीपासून होणाऱ्या लाभांत सहभागी होण्याचा हक्क मान्य करते. जाते आणि गिरणी यांची तुलना ह्या तीन कलमांच्या प्रकाशात केली असता चित्र स्पष्ट होते. जात्यापाशी स्त्रीला विश्रांतीचा हक्क नव्हता, पण अभिव्यक्तीचे एक मर्यादित स्थान होते. गिरणीने विश्रांतीची शक्यता निर्माण केली आणि ते स्थान नाहीसे केले. विज्ञानाचा लाभ तिला पीठ घेणारी म्हणून मिळाला. यंत्राची मालक किंवा चालक म्हणून तो क्वचितच मिळाला. ह्या शेवटच्या बाबतीत अलीकडे थोडा पालट दिसतो. काही जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण योजनांतून स्त्रियांना अनुदानावर पिठाची गिरणी दिली जाते. ‘गिरणीवाली’ हा शब्द उद्या रुळला तर त्याचे श्रेय अशा मालकीस द्यावे लागेल.

ह्या विवेचनावरून जात्याकडे परत जावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. सक्तीच्या श्रमातून जन्मलेल्या कलेसाठी ती सक्ती चालू ठेवावी, असे म्हणण्याचा अधिकार ते श्रम न करणाऱ्यास नाही. निष्कर्ष निघतो तो एवढाच की, एखाद्या यंत्राचा स्त्रीजीवनावरील परिणाम मोजताना एक मापदंड पुरत नाही. किती मिनिटे वाचली हा एक प्रश्न. त्या यंत्राने स्त्रीच्या बोलण्याची, कमाईची आणि एकत्र येण्याची कोणती जागा काढून घेतली आणि तिच्या बदल्यात काय दिले, हा दुसरा. विकासाच्या अहवालांत पहिला प्रश्न नेमाने विचारला जातो. दुसरा सहसा विचारला जात नाही, कारण नाहीशी झालेली जागा कोणत्याही रकान्यात दिसत नाही. ती भाषेत दिसते : क्रियापदाच्या हरवलेल्या कर्त्यात, नामाच्या सरकलेल्या अर्थात आणि बदललेल्या लिंगात.

विद्यापीठातील भाषाभ्यासाचे कर्तव्य येथे सुरू होते. ज्यांनी प्रत्यक्ष जाते ओढले अशा स्त्रियांची पिढी आता वार्धक्यात आहे. नेवासे, पाथर्डी, अकोले अशा भिन्न पीकपद्धतींच्या आणि भिन्न बोलींच्या तालुक्यांतून त्यांची भाषा नोंदविण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. ते करताना ओवीबरोबर गाणारीचे नाव तिच्या संमतीने नोंदवावे; ओवी न गाता ती जे सांगते तेही नोंदवावे; आणि मुद्रण झाल्यावर त्याची प्रत प्रथम तिच्या घरी व गावच्या शाळेत पोहोचवावी. संग्रह विभागाच्या कपाटात येण्यापूर्वी तो गाणारीच्या कानी पडला पाहिजे.